पाच ते सव्वापाच

५ नोव्हेंबर, बुधवार

धाकटे,

वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण सहा वर्षांत तू माझ्याकडून चहासुद्धा घेतलेला नाहीस, तेव्हा आशीर्वाद तरी कशाला घेशील. म्हणून सरळ लिहिते.

परवाच्या मेसेजमध्ये एवढंच कळवलं होतं की आई दवाखान्यात आहे. माझ्याच दवाखान्यात आहे आणि मी सोबत आहे, तेव्हा काळजी करू नकोस. सोमवारी संध्याकाळी तिचं हृदय थांबलं. तुझा फोन आटोपत आला असेल, त्याच सुमारास. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला, धावत गेले, तर ती टेलिफोनच्या खुर्चीशेजारी आडवी. नाडी नाही. लगेच छाती दाबायला लागले. दोन बरगड्या मोडल्या, माझ्या हातांना कळलं ते. ॲम्ब्युलन्सला फोन लावून ठेवते न ठेवते तोच गाडी दारात उभी. याला नशीब म्हणायचं.

कॅज्युअल्टीत माझीच माणसं होती. सत्तावीस वर्षं त्याच दारात उभी राहून मी लोकांना विचारत आले, काय झालं, कधी झालं? आमच्याकडे दोनच प्रश्न असतात. माणूस कोण, कुठला, त्याला काय आवडतं, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. गळणारा नळ आधी बंद करायचा, भिंतीच्या ओलीचं नंतर बघू. परवा मला पहिल्यांदा कोणीतरी ते प्रश्न विचारले, तेही मीच शिकवलेल्या पोरीनं. "ताई, किती वेळ गेला?" मी म्हटलं, चार मिनिटं.

दोन झटके दिल्यावर हृदय सुरू झालं. आता ती वर अतिदक्षता विभागात आहे. श्वासाला यंत्र लावलंय, मेंदूला आराम म्हणून अंग थंड ठेवलंय, झोपेचं औषध चालू आहे.

तुझ्या पायाला अजून दोन आठवडे प्लास्टर आहे, हे मला आईकडून कळलं होतं. त्या पायानं एवढा प्रवास करायचा वेडेपणा करू नकोस. इथे येऊन तू करणार तरी काय? आत एका वेळी एकालाच सोडतात.

कुरियरवाला म्हणतो पत्र उद्या मिळेल. फोनवर बोलायची आपली सवय मोडली आहे, म्हणून लिहिलं.

ताई


७ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटे,

तू काल अतिदक्षतेच्या टेबलावर फोन केला होतास म्हणे. तिथल्या कारकुनाला मी सांगून ठेवलंय की आईची चौकशी आली तर मला विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही. त्याच्यावर चिडू नकोस, तो बिचारा हुकमाचा ताबेदार. घरातल्या एकाच माणसानं बोलावं असा इथला नियम आहे. नियम नसता तरी मी तेच सांगितलं असतं, हेही खरं.

काल झोपेचं औषध बंद केलं. आता ती जागी होण्याची वाट बघायची.

इतकी वर्षं रुग्णाला या दारापर्यंत ढकलत आणलं आणि सही घेऊन परत फिरले. दाराच्या आत काय असतं ते खुर्ची टाकून कधी बघितलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर सगळं मिनिटांत होतं. कोणीतरी ओरडतं, कोणीतरी धावतं, कात्रीनं शर्ट कापतात, आणि अर्ध्या तासात माणूस एकतर वर जातो नाहीतर तळघरात. इथे कोणी धावत नाही. एका खाटेला एक सिस्टर, ती तासातासाला आकडे लिहिते. रक्तदाब, लघवी, ऑक्सिजन, यंत्रानं दिलेले श्वास. हृदयाचं काम औषध करतं, फुप्फुसाचं यंत्र, आणि आता मूत्रपिंडाचं दुसरं यंत्र करेल असं दिसतंय. एकेका अवयवाला उसनं बळ द्यायचं आणि तो आपल्या पायावर उभा राहतो का ते बघायचं. उभा राहणार असेल तर यासारखी जागा नाही. नसेल तर काय, हे इथे मोठ्यानं बोलत नाहीत.

आईनं काल डोळे उघडले. मी आनंदानं तिच्या तोंडासमोर गेले. ती माझ्या आरपार छताकडे बघत होती.

उजवा हातही हलतो. अंगठा आणि दोन बोटं जवळ येतात, मनगट झटकन पुढे जातं. तिनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली कित्येक वर्षं बोर्डावर पिना लावण्यात गेली. मला वाटलं ती पिना लावतेय. कुणाला तरी कुणाशी जोडून देतेय. मी इथल्या डॉक्टरला हौसेनं दाखवलं. चष्मेवाला पोरगा आहे, माझ्या निम्म्या वयाचा, पण हुशार. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "ताई, हे झटके आहेत. मेंदूचे." मग फाइल चाळून म्हणाला, "पण चार मिनिटंच गेली होती ना? मग हे असं व्हायला नको. कुठेतरी गणित चुकतंय." त्यानं मेंदूच्या आणखी तपासण्या लावल्या आहेत.

फाइलमधला एक कागद माझ्या पर्समध्ये आहे. का आहे ते विचारू नकोस.

तू मनात काय म्हणत असशील ते मला इथे ऐकू येतं. ताईला नेहमी शेवटचा उपाय करायचा असतो. हो, असतो! बाबांच्या वेळी तू त्यांना याच मजल्यावरून नळ्या काढून घरी नेलंस आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. घर माणसांनी भरलेलं असताना मी म्हटलं, हिनं बाबांना मारलं. ते शब्द मी परत घेतलेले नाहीत. तुझ्या त्या पॅलिएटिव्ह वॉर्डात शेवटाला आलेल्या माणसांचे तुम्ही हात धरून बसता आणि त्याला उपचार म्हणता. हात धरून बसायला नर्सिंगची परीक्षा कशाला द्यावी लागते, हे मला अजून समजलेलं नाही.

पण परवापासून मीसुद्धा हात धरूनच बसले आहे. दुसरं काही करायला देत नाहीत.

ताई


१० नोव्हेंबर, सोमवार

धाकटे,

काल तुझा मेसेज आला. त्यात एक शब्द नव्हता, फक्त तुझ्या फोनच्या यादीचा फोटो. आई, पाच वाजता, चार मिनिटं. त्याखाली ताई, पाच-पाच. ताई, पाच-सात. ॲम्ब्युलन्स, पाच-नऊ. ताई, पाच-अकरा.

मी तो फोटो बंद केला आणि परत उघडला. दिवसभर हेच चाललंय.

तेव्हा आता खरं लिहिते.

मी स्वयंपाकघरात नव्हते. आईनं तुला हे कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सहा वर्षं रोज पाच वाजता तुझा फोन वाजला की मी घराबाहेर पडायचे. तुझा आवाज भिंतीपलीकडूनसुद्धा नको होता मला. गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायचे, आणि सव्वापाचला खाली यायचे. पाळी लावल्यासारखं. आई सुरुवातीला म्हणायची, "अगं बस की, ती काय तुला खाते?" नंतर म्हणेनाशी झाली. मी चपला घालायला लागले की ती नुसती बघायची.

सोमवारीही गेले. पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. तुझा नंबर. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, आईनं मध्ये पडून हिला फोन करायला लावलं. आता ही गोड बोलणार आणि मला विरघळावं लागणार. मी फोन कापला. दोन मिनिटांनी परत वाजला. मी तो कठड्यावर उलटा ठेवला. तिसऱ्या वेळी तो कठड्यावर थरथरत सरकत होता, आणि मी बघत होते की पडतो का. मला थोडं बरंही वाटलं, धाकटे. जिंकल्यासारखं.

मग ठरल्या वेळी खाली आले. पाच-सोळा. टेलिफोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता.

आई आपल्याला लहानपणी काय सांगायची? घरातला फोन वाजला की तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा आणि पलीकडे कोण आहे हे बघायचं नाही. एक्स्चेंजचा नियम तिनं घरात आणला होता. तू धावत जायचीस, मी तुला ढकलून आधी उचलायचे.

बारा मिनिटं गेली. चार नाही.

आता हे माझ्यासारख्या बाईलाच सुचावं असं ऐक. "किती वेळ गेला" हा प्रश्न कशासाठी असतो ते मला पक्कं ठाऊक आहे. दहाच्या वर आकडा ऐकला की आमच्या सगळ्यांचा सूर बदलतो. हात चालू राहतात, पण डोळे नातेवाइकांना बसवायला खुर्ची शोधायला लागतात. मी स्वतः तशा शेकडो खुर्च्या पुढे केल्या आहेत. आईसाठी कोणी खुर्ची शोधायला नको होतं मला. एक मिनिटही गेलं नाही म्हटलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. चार हा विश्वास बसण्याजोगा आकडा. तो मी ओठांवर तयार ठेवूनच गाडीतून उतरले.

आणि ती दारात आलेली गाडी माझं नशीब नव्हतं, तू बोलावलेली होती. गाडीवाल्यांचा कागद फाइलला लागला तेव्हा कळलं. कॉलची वेळ पाच-नऊ. कॉल करणारी, मुलगी. खाली तुझा नंबर. मी चार मिनिटं सांगितली आहेत, म्हणजे आई पडली पाच-बाराला, आणि गाडी मात्र त्याआधीच बोलावलेली. कुणीही तो कागद नीट वाचला असता तर मी उघडी पडले असते. म्हणून तो पर्समध्ये आहे. सत्तावीस वर्षांत मी कुणाच्या फाइलमधली टाचणीसुद्धा काढली नव्हती.

उद्या सकाळी अकरा वाजता गळ्याला भोक पाडून कायमची नळी घालणार आहेत. मूत्रपिंडाचं यंत्रही उद्याच. चष्मेवाला म्हणतो, चार मिनिटांत मेंदू असा जात नाही, याला वेळ देऊ, महिना देऊ. तो माझ्या आकड्यावर उभा आहे. तो आकडा मी काढून घेतला तर आईच्या छातीवरची सगळी यंत्रं एकेक करून काढतील. नाही काढला तर ती महिनाभर, कदाचित सहा महिने, छताकडे बघत पिना लावत राहील.

बाबा गेले त्यानंतर आई एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "त्यांच्यासारखं जायला मिळालं तर सोनं." मी म्हटलं, काहीतरीच. आणि भांडं जोरात आपटलं.

तू हा फोटो चष्मेवाल्याला पाठवू शकली असतीस. मला पाठवलास. हे मला जास्त जड जातंय.

ताई


११ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटे,

सांगितलं.

साडेदहाला त्याला कोपऱ्यात गाठलं आणि पर्समधला कागद हातात दिला. घडी पडून पडून फाटायला आला होता. चार नव्हे, बारा, म्हटलं. का, तेही सांगितलं. गच्ची, कठडा, तीन फोन. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "ताई, तपासण्या पहिल्यापासून हेच सांगत होत्या. तुम्ही चार म्हणालात, आणि तुमचा अनुभव एवढा, म्हणून मी तपासण्यांवर विश्वास ठेवत नव्हतो." मग म्हणाला, "आठ दिवस त्यांना सुया टोचल्या आपण." आपण म्हणाला, बघ. तुम्ही टोचल्या म्हणायला हवं होतं.

मी विचारलं, तेव्हाच खरं सांगितलं असतं तर वाचली असती का? तो म्हणाला, नाही. दहा मिनिटं आधी कोणी पोहोचलं असतं तर? त्यावर त्यानं फाइल मिटली. चांगला डॉक्टर आहे.

अकराची शस्त्रक्रिया रद्द झाली. त्यानं आणखी एका मोठ्या डॉक्टरला बोलावलं, दोघांनी मिळून तपासलं, मला बसवून समजावलं. खुर्ची पुढे केली. मेट्रनकडेही मी स्वतःच गेले. माझी चौकशी होईल. नोकरीचं काय ते होऊ दे.

उद्या तिला तळमजल्यावर, बागेकडच्या वॉर्डात नेणार. आमच्या दवाखान्यातला तुझ्या वॉर्डासारखा वॉर्ड. मी तिकडे आजवर कधी फिरकले नव्हते. आमच्यात त्याला गमतीनं "उतारूंचा फलाट" म्हणतात. ते नाव मीच पाडलं होतं.

ताई


१३ नोव्हेंबर, गुरुवार

धाकटे,

काल दुपारी नळी काढली. ती आपला आपण श्वास घेतेय. उथळ आहे, मध्येच थांबतो, मग मोठा येतो. तुला हा श्वास माहीत आहे. मलाही माहीत आहे, पण मी तो सुधारायला धावणारी. बसून ऐकणारी नव्हते.

इथे पडदे आहेत, खिडकी उघडते, आणि एकही आकडा दिसत नाही. पहिला तासभर मी भिंतीवर यंत्र शोधत होते. मग घड्याळ लावून श्वास मोजायला बसले. इथला ब्रदर, मिशीवाला, ढेरपोट्या, हळू चालणारा, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, मोजून काय करणार?" मी म्हटलं, कमी झाले तर कळेल. "कळलं तर काय करणार?" त्यानं हात पुढे केला आणि मी मनगटावरचं घड्याळ काढून त्याला दिलं. परत मागितलेलं नाही.

मला वाटत होतं तुम्ही काही करत नाही. तो दिवसभर करतच असतो. ओल्या बोळ्यानं तिचे ओठ पुसतो, धाप लागल्यासारखी दिसली की जिभेखाली चार थेंब सोडतो, दोन दोन तासांनी कूस बदलतो, हाताचे झटके वाढले की औषध वाढवतो. आमच्या मजल्यावर विचारायचे काय झालं. वर विचारायचे आकडा किती. यानं काल पहिलाच प्रश्न विचारला, "आई कोणत्या कुशीवर झोपतात?"

मला माहीत नाही, धाकटे. एका घरात राहून मला माहीत नाही. मी निम्म्या रात्री पाळीवर असायचे, उरलेल्या रात्री दार लावून पडायचे. त्यानं आणखी विचारलं. उशी किती उंच? पायांवर पांघरूण लागतं की उकडतं? कोणाचा आवाज ऐकला की शांत होतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं मला आलं. तुझा, म्हटलं. रोज पाच वाजता.

"मग लावा की फोन," तो म्हणाला. त्याला काय माहीत.

काल पाच वाजता लावला. तू उचलला नाहीस. पाच-सहाला परत लावला. पाच-दहाला परत. मेसेज टाकला, तो तू उघडलेलाही नाहीस. मी खाट धरून उभी होते आणि फोनची घंटा तुझ्याकडे वाजत असलेली ऐकत होते. प्रत्येक घंटेला मला कठड्यावर सरकणारा तो फोन दिसत होता. तक्रार करत नाही. तुझं बरोबर आहे. तू त्या दिवशी तीनदा ही घंटा ऐकलीस, मी आत्ता कुठे ऐकली.

बाबांबद्दल बोलले ते शब्द मी परत घेते. घर माणसांनी भरलेलं असताना बोलले होते, तेव्हा घर भरेल त्या दिवशी सगळ्यांसमोर परत घेईन. बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. तू त्यांना त्यांच्या कुशीवर झोपवलंस.

ब्रदर म्हणतो आईकडे एक दिवस आहे, फार तर दीड. पत्र तुला उद्या दुपारपर्यंत मिळेल. म्हणजे अगदी काठावर. कुरियरवाल्याला दुप्पट घाईचं पाकीट मागितलं, तर तो म्हणाला असं काही नसतं, बाई.

पत्र मिळालं की एवढं कर. उद्या पाच वाजता माझ्या नंबरवर फोन लाव. मी तो आईच्या कानाशी धरीन. तिला ऐकू येतं का, कोणी सांगू शकत नाही, आणि कुणी नाहीही म्हणत नाही. मला बाहेर जा म्हणालीस तर दारात उभी राहीन, त्यापलीकडे नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त आधी सांग, ती कोणत्या कुशीवर झोपते.

फोन माझ्या हातात असेल, सुलटा. तिसऱ्या घंटेची वाट बघणार नाही.

आणि पाच वाजेपर्यंत आई राहिली नाही, तरी तू फोन कर. तरी मी उचलीन.

ताई